अमेरिकेचं नर्सिंग लायसन्स आणि एजंटचा ईमेल

अमेरिकेत नर्स म्हणून जायचं ठरवून कुणाकडे फाईल दिली असेल, तर आधी एक गोष्ट बघा: अर्जावर ईमेल कुणाचा आहे? माझ्या अर्जावर नाव माझं, पासपोर्ट माझा, जन्मतारीख माझी, आणि ईमेल मात्र सल्लागाराचा होता. पासवर्डही त्याच्याकडेच. लायसन्स देणाऱ्या नर्सिंग बोर्डाचं प्रत्येक पत्र त्याला जात होतं, आणि मला कळत होतं तेवढंच, जेवढं तो कळवायचा.

सुरुवात गोड होती. "मॅडम, तुम्ही ड्युटी सांभाळा, कागदांचं आम्ही बघतो." लागोपाठ नाईट केलेल्या नर्सला हे वाक्य ऐकून किती हायसं वाटतं, ते आपल्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. पॅकेजमध्ये सगळं होतं: कागदपत्रांचं मूल्यांकन, बोर्डाचा अर्ज, एन्क्लेक्सचं, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेचं रजिस्ट्रेशन, पुढे व्हिसासाठी लागणारं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. डिग्री आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, दोन्ही मूळ प्रती, 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून ठेवून घेतल्या.

व्हेरिफिकेशन असं होतच नाही. अमेरिकेत लायसन्स देतं त्या त्या राज्याचं बोर्ड ऑफ नर्सिंग, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. अनेक बोर्डं परदेशात शिकलेल्यांकडून सीजीएफएनएसचा अहवाल मागतात (परदेशातल्या शिक्षणाचे कागद तपासणारी ही संस्था आता ट्रूमेरिट या नावाने काम करते). त्या अहवालासाठी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विषय, तास आणि गुणांचा उतारा, तुमच्या कॉलेजकडून आणि रजिस्ट्रेशनचा दाखला तुमच्या नर्सिंग कौन्सिलकडून थेट तिकडे जावा लागतो. मधल्या माणसाच्या हातून जाऊ नये म्हणूनच तर ही पद्धत आहे. मग तुमची मूळ डिग्री एजंटच्या कपाटात कशासाठी? तर तुम्ही फाईल काढून घेऊ नये यासाठी, दुसरं काही कारण मला तरी दिसत नाही.

मग पैशांची मागणी सुरू झाली. एकदा 'बोर्ड ऑब्जेक्शन फी', नंतर 'एटीटी रिलीज फी'. असली कुठलीही फी नसते. एन्क्लेक्सच्या रजिस्ट्रेशनचे 200 डॉलर परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीला भरायचे असतात, आणि परीक्षा अमेरिकेबाहेर द्यायची असेल तर वर 150 डॉलर आणि लागू असेल तो कर. बोर्डाची अर्जाची फी वेगळी, ती बोर्डाच्या वेबसाइटवर छापलेली असते. बोर्डाने पात्र ठरवलं की एटीटी, म्हणजे परीक्षेला बसण्याचं परवानगीपत्र, ईमेलवर येतं. ते 'सोडवून' घ्यावं लागत नाही.

मला एटीटी आलं ते व्हॉट्सॲपवर, पीडीएफ म्हणून. वर लोगो, खाली बारकोड, बघता क्षणी खरं वाटावं असं. पण आडनाव पहिल्या नावाच्या जागी होतं. खऱ्या परीक्षेत पासपोर्टवरचं नाव आणि रजिस्ट्रेशनमधलं नाव तंतोतंत जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. वैधता लिहिली होती दोन वर्षं; खऱ्या एटीटीची मुदत साधारण 90 दिवसांची असते आणि ती वाढवून मिळत नाही. आणि ऑथरायझेशन नंबरवर पांढरी पट्टी! विचारलं तर उत्तर आलं, "तो बुकिंगच्या वेळी देतो." पुढचा हप्ता आला की, असा त्याचा अर्थ.

त्याला न सांगता मी बोर्डाला लिहिलं, सोबत पासपोर्टची प्रत जोडली. उत्तर आलं: अर्ज आहे, पण थांबवलेला आहे, कारण ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजच्या नोंदींशी जुळत नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून मी त्या कागदाची प्रत मागवली. मानसोपचार विभागातले माझे क्लिनिकल तास वाढवलेले होते. खाली सही माझ्या वेळच्या प्राचार्यांची, आणि तारीख त्या निवृत्त झाल्यानंतरची. तास कमी पडत असतील तर अनेक बोर्डं तेवढा भाग पुरा करून यायला सांगतात. वेळ जातो, पण रस्ता खुला असतो. बनावट कागदाचं तसं नाही. तो कुणीही टाईप केलेला असो, अर्जदार म्हणून नाव माझं आहे आणि जाब मलाच विचारला जातो. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण खरं शिकलेल्या माणसाच्या फाईलवर खोटेपणाचा शेरा बसतो, याचा संताप जास्त आहे.

जाब विचारायला गेले तर त्याने दुसरंच काढलं. फ्लोरिडातल्या एका कॉलेजात नाव घालू, हजेरीची गरज नाही, तिथलाच डिप्लोमा मिळेल, मग मूल्यांकनाची कटकटच नको! हे ऐकून कुणी भुलू नका. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी 'ऑपरेशन नाइटिंगेल' जाहीर केलं. दक्षिण फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलच्या नावाने 7,600 हून अधिक बनावट डिप्लोमे विकले गेले होते आणि 25 जणांवर आरोप ठेवले गेले. त्या कागदांवर परीक्षेला बसून पास झालेले लोकही होते. नंतर राज्यांच्या बोर्डांनी अशी लायसन्स शोधून रद्द करायला सुरुवात केली. परीक्षा पास झालो म्हणजे सुटलो, असं नाही.

'परीक्षा मॅनेज करतो' म्हणणारेही भेटतील. केंद्रावर फोटो, सही आणि तळहाताच्या शिरांचं स्कॅन होतं. प्रश्न प्रत्येकाला वेगळे, आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न कॉम्प्युटर ठरवतो, 85 पासून 150 पर्यंत. फुटलेला पेपर विकतो म्हणणारा काय विकतोय, ते यावरून ओळखा. आणि कुणी तयार लायसन्स नंबर हातात ठेवला तर नर्सिस या वेबसाइटवर बघा. राज्यांच्या बोर्डांची माहिती तिथे फुकट तपासता येते.

मी पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांचा फोन गेल्यावर मूळ प्रमाणपत्रं परत आली. पैसे आले नाहीत. कॉलेजने खरं ट्रान्स्क्रिप्ट पुन्हा थेट पाठवलं, सोबत जुनं आपण दिलेलं नाही असं पत्र दिलं. माझा लेखी खुलासा बोर्डाकडे आहे, निर्णय यायचा आहे.

तुमची फाईल अशा कुणाकडे अडकली असेल तर त्याच्याशी भांडायच्या आधी बोर्डाला आणि मूल्यांकन संस्थेला स्वतःच्या ईमेलवरून लिहा. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अर्ज क्रमांक द्या. क्रमांक तुम्हाला कधी सांगितलाच नसेल तर तसं लिहा. नोंदवलेला ईमेल बदलून मागा, आणि आजवर तुमच्या नावाने आलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. भांडण आधी झालं तर तो पासवर्ड बदलेल आणि पत्रं पुसून टाकेल.