इथेनॉलविरहित पेट्रोल: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच गोष्ट असते: ॲव्हरेज. म्हणून आधी तोच हिशेब.

एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे ई१० मध्ये (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) लिटरमागे ऊर्जा ३ ते ३.५ टक्के कमी, ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉल) साडेसहा-सात टक्के कमी. ई१० वर लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी शुद्ध पेट्रोलवर फार तर साडेपंधरा जाईल. ६०० किलोमीटरला ४० लिटर लागत होतं, तिथे ३८.७ लागेल. टायरमध्ये हवा कमी असली किंवा उजवा पाय जड असला, तरी एवढा फरक सहज पडतो. तेव्हा भावातला फरक ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्के आणि ई२० च्या तुलनेत सात टक्के, याच्या आत असेल तरच ॲव्हरेजच्या नावावर हे पेट्रोल परवडतं. सहसा फरक याहून बराच जास्त असतो. ॲव्हरेजचा विषय तिथेच संपतो.

'इंजिन स्मूथ चालतं' हेही नेहमी ऐकू येतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१. स्कॅनर लावलात तर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली दुरुस्ती) तीन-चार टक्के वर-खाली झालेला दिसेल, सीटवर बसलेल्याला काहीही जाणवणार नाही.

उलट एक तोटा होऊ शकतो. इथेनॉलचा ऑक्टेन (आरओएन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद सांगणारा आकडा) १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे मिश्रणाचा ऑक्टेन तो वर उचलतो. शिवाय बाष्प होताना तो पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतो. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात हा थंडावा नॉकिंग (इंधन आपोआप पेटून इंजिनात ठोके बसणं) रोखायला उपयोगी पडतो. इथेनॉल काढलं की ही तूट दुसऱ्या घटकांनी भरून काढावी लागते. ती भरून काढलेली नसेल आणि गाडीला ९५ ऑक्टेन लागत असताना ९१ चं 'शुद्ध' पेट्रोल भरलंत, तर नॉक सेन्सरमुळे ईसीयू स्पार्क उशिरा देतो, पिकअप पडतो, आणि वाचवायला निघालेलं ॲव्हरेजही जातं. 'प्रीमियम' आणि 'इथेनॉलविरहित' हे दोन वेगळे शब्द आहेत. प्रीमियममध्ये इथेनॉल असू शकतं. पंपावर ऑक्टेन आणि इथेनॉलचं प्रमाण, दोन्ही आकडे वाचा.

मग या पेट्रोलला अर्थ आहे कुठे? पेट्रोल टाकीत किती दिवस पडून राहतं, तिथे.

इथेनॉल पाणी ओढतं. ई१० मध्ये १५ अंश सेल्सियसला सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं, म्हणजे ५० लिटरच्या टाकीत पाव लिटर. तापमान उतरलं की ही मर्यादाही उतरते. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन दोन-तीन अंकांनी घसरतो. पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला आधी तो खालचा थर मिळतो: गाडी चालू होत नाही, किंवा चालू होऊन गचके खात बंद पडते. वरून कुठलंही ॲडिटिव्ह ओतून ते पुन्हा एकजीव होत नाही. टाकी रिकामी करणं हाच उपाय. आणि अशा ओलसर ई१० वर शुद्ध पेट्रोल ओतणं हा तर नेमका उलटा उपाय, कारण इथेनॉलचं प्रमाण घटलं की पाणी धरून ठेवायची ताकदही घटते. एरवी दोन्ही पेट्रोल एकमेकांत बिनधास्त मिसळा.

रोजच्या गाडीत हे जवळजवळ कधीच होत नाही. टाकी बंदिस्त असते आणि आठ-पंधरा दिवसांत रिकामी होते. थोडीफार ओल आलीच तर इथेनॉल ती सोबत घेऊन जाळून टाकतं. शुद्ध पेट्रोलमध्ये तीच ओल थेंब होऊन तळाला साचते.

झाकणाला भोक असलेल्या टाक्यांचं मात्र वेगळं: जनरेटर, गवत कापायचं मशीन, चेन सॉ, बोट, हंगामापुरती बाहेर निघणारी मोटरसायकल. इथे इथेनॉलविरहित पेट्रोल पैसे वसूल करून देतं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या छोट्या वाटीत, जेमतेम काही चमचे पेट्रोल असतं. ते उडून गेलं की मागे चिकट थर राहतो, आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकाचा पायलट जेट (इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणारी तोटी) बुजतो. चोक ओढून चालू, चोक सोडला की बंद, हे त्याचं ठरलेलं लक्षण. शुद्ध पेट्रोलही जुनं झालं की चिकटतंच, फक्त उशिरा, आणि पितळ-ॲल्युमिनियमवर गंज चढवत नाही. म्हणून महिन्याहून जास्त ठेवायचं असेल तर शुद्ध पेट्रोल भरा, स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं ॲडिटिव्ह) ताज्या पेट्रोलातच बाटलीवरच्या मापाने घाला, इंजिन दहा मिनिटं चालवा म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. मग कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेलं काढा. धातूची टाकी जवळजवळ काठोकाठ ठेवा, रिकामी जागा कमी तितका दमट हवेला वाव कमी. प्रसरणापुरती जागा मात्र सोडा.

जुन्या गाड्यांत प्रश्न रबराचा. नैसर्गिक रबर आणि जुन्या पद्धतीच्या नायट्राइलच्या नळ्या, कॉर्कची गॅस्केट, पंपाचा डायफ्राम इथेनॉलने फुगतात, मग वाळल्यावर तडकतात. शिसं-कथलाचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या टाक्याही खराब होतात. कार्ब्युरेटरला सेन्सर नसल्यामुळे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं) ते वेगळं: रेस देताना अडखळणं, इंजिन जास्त तापणं. पण अशी गाडी रोज चालवत असाल तर आयुष्यभर महाग पेट्रोल भरण्यापेक्षा एकदाच फ्लुओरोइलॅस्टोमरच्या (इथेनॉल सोसणारं रबर) नळ्या आणि ओ-रिंग घालून मेन जेट एक नंबर मोठा लावणं स्वस्त पडतं. त्यानंतर ई१० सुरू केलंत तर पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला. इथेनॉल टाकीतली वर्षांची घाण सोडवतं आणि ती सगळी तिथे येऊन बसते.

विकत घेतलेलं पेट्रोल खरंच इथेनॉलविरहित आहे का, हे घरी तपासता येतं. उभ्या, खुणा असलेल्या काचेच्या १०० मिलिलिटर नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घ्या. बूच लावून हलवा, मधूनमधून बूच सैल करून दाब सोडा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेला तर ई१०, २८ च्या आसपास तर ई२०. हे उघड्यावर, आगीपासून लांब करा आणि वापरलेलं पेट्रोल टाकीत परत ओतू नका. अशाच पाण्याने धुऊन घरी 'शुद्ध' पेट्रोल करायचा उद्योगही नको, कारण इथेनॉलबरोबर ऑक्टेनही धुतला जातो.

विमानाचं १०० एलएल पेट्रोल इथेनॉलविरहित असतं हे खरं, पण त्यात शिसं असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही त्याने कायमचे बाद होतात.