न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया की मॉरिशस? स्थलांतराच्या अभ्यासासाठी वसाहत निवडताना

एकोणिसाव्या शतकातलं सरकारी मदतीचं स्थलांतर हा विषय लघुप्रबंधासाठी नक्की केलात, की लगेच पुढचा पेच येतो: वसाहत कोणती घ्यायची? ब्रिटिश साम्राज्यात पर्याय ढीगभर आहेत, पण एम.ए.च्या वर्षभरात झेपतील आणि ज्यांचे कागद हाताशी येतील असे मला तीन वाटतात. न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया आणि मॉरिशस.

बहुतेक विद्यार्थी नियमांपासून सुरुवात करतात. वयाची अट काय, भाडं कोण भरणार, बायकांचं प्रमाण किती. हे लागतंच. पण नियम पाळला जातोय का, हे बघायला जो माणूस नेमला, त्याला नेमलं कुणी आणि त्याच्या हातात पैसा कुणाकडून पडत होता, हे मी आधी बघायला सांगेन. तिन्ही वसाहती याच एका प्रश्नावर एकमेकींपासून वेगळ्या होतात.

न्यू साउथ वेल्सचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे तिथे तुलना घरातच मिळते. १८३१ पासून तिथली सरकारी जमीन फुकट वाटणं थांबलं आणि एकराला किमान ५ शिलिंग या दराने लिलाव सुरू झाले. त्या पैशातून ब्रिटन-आयर्लंडमधल्या मजुरांना आणायचं ठरलं आणि पुढे त्यासाठी दोन योजना एकाच वेळी चालल्या. सरकारी योजनेत जहाज सरकारने भाड्याने घेतलेलं आणि प्रवाशांची जबाबदारी सर्जन-सुपरिंटेंडंटची. हे बहुधा नौदलातले डॉक्टर असत, कैद्यांच्या जहाजांवर तयार झालेले. १८३७ साली ‘जॉन बॅरी’ जहाज डंडीहून स्कॉटिश कुटुंबं घेऊन सिडनीला गेलं, ते याच योजनेखाली.

दुसरी योजना बाउंटीची, म्हणजे माणशी बक्षिसाची. गव्हर्नर बर्क यांनी ऑक्टोबर १८३५ मध्ये दर जाहीर केले. तिशीच्या आतल्या जोडप्यामागे ३० पौंड, १५ ते ३० वयाच्या अविवाहित मुलीमागे १५ पौंड (तिला एखाद्या विवाहित जोडप्याच्या सोबतीने आणायचं), १८ ते २५ वयाच्या तरुणामागे १० पौंड, वर्षावरच्या मुलामागे ५ पौंड. माणूस सिडनीत उतरला, तपासणी मंडळाने त्याला पास केलं, की मगच पैसे. कल्पना अशी होती की वसाहतीतल्या मालकांनी आपल्याला हवे तसे मजूर स्वतः निवडून आणावेत. पण धंदा लवकरच जहाजवाल्यांच्या आणि त्यांच्या दलालांच्या हातात गेला. लंडनचे जॉन मार्शल हे त्यांतलं ठळक नाव. जहाजावरचा डॉक्टरही मग जहाजवाल्यानेच ठरवलेला.

इथे एक कागद नीट बघा. बाउंटीच्या प्रवाशाचा दाखला आणि यादी समोर ठेवली की दिसतं: नाव, धंदा, वय, मूळ गाव, आईवडिलांची नावं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, प्रकृती कशी. चारित्र्याची हमी म्हणून पाद्र्याची आणि गावातल्या प्रतिष्ठितांची सही. या सगळ्या रकान्यांत वयाचा रकाना जपून वाचा, कारण बक्षीस त्यावर होतं. वयं कमी करून लिहिल्याच्या तक्रारी तेव्हाच झाल्या होत्या. अविवाहित मुलींची ‘सोबत’ही पुष्कळदा कागदावरच असे. जहाजातून उतरलेल्या, काम नाही, आसरा नाही, अशा मुली सिडनीत बघूनच कॅरोलिन चिझम यांनी १८४१ मध्ये त्यांच्यासाठी निवारा उघडला. ती यादी वाचताना माझा जीव अजूनही त्या मुलींपाशी अडकतो.

पण म्हणून सरकारी योजना चांगली आणि बाउंटी वाईट, असं सरळ लिहून मोकळे होऊ नका. सरकारी जहाजांत लहान मुलांची मोठी कुटुंबं अधिक होती, गोवर आणि तापाच्या साथीत मुलं दगावली आणि त्यावर वसाहतीत आरडाओरडा झाला. बाउंटीत वाटेत मेलेल्या माणसाचे पैसे मिळत नसत, त्यामुळे निदान जिवंत पोचवण्यात जहाजवाल्याचा स्वार्थ होता. हा गुंता सोडवण्यातच चांगल्या प्रबंधाचा जीव आहे. जोडीला नेमणुकांचे कागदही भरपूर. सिडनीचं सरकारी गॅझेट १८३२ पासूनचं ऑनलाइन वाचता येतं. दरवर्षी लंडनला जाणाऱ्या ‘ब्लू बुक’मध्ये प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव, नेमणुकीची तारीख, नेमणूक कुणी केली आणि पगार किती, हे नोंदवलेलं असतं. इमिग्रेशन एजंट (म्हणजे येणाऱ्या प्रवाशांचं काम बघणारा सरकारी अधिकारी) फ्रान्सिस मेरेवेदर यांच्यासारख्या माणसाची कारकीर्द त्यातून वर्षावर्षाने लावता येते.

साउथ ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात. १८३४ च्या कायद्याने तिथे जमीनविक्री आणि स्थलांतर लंडनच्या कमिशनरांकडे गेलं, बाकी कारभार गव्हर्नरकडे. म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. गव्हर्नर हिंडमार्श आणि रेसिडेंट कमिशनर, म्हणजे लंडनच्या कमिशनरांचे तिथले प्रतिनिधी, फिशर यांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. १८३७ मध्ये एका निराधार प्रवाशाला पुरण्याची जबाबदारी कुणाची यावरून हिंडमार्श यांनी एमिग्रेशन एजंट जॉन ब्राउन यांना निलंबित केलं, तर फिशर ब्राउन यांच्या पाठीशी उभे राहिले. प्रेत पुरायचं कुणी, यावर दोन कचेऱ्यांनी भांडावं, यातच सगळं आलं. १८३८ मध्ये नवे गव्हर्नर गॉलर यांना दोन्ही पदं एकत्र दिली आणि तो वाद मिटला. सेमिनारच्या निबंधाला हा विषय उत्तम, आटोपशीर. पूर्ण प्रबंधाला मात्र तो मला अपुरा वाटतो.

मॉरिशस ही वेगळीच गोष्ट आहे, आणि ती वेगळी आहे हे पहिल्या प्रकरणातच मांडावं लागेल. ऑस्ट्रेलियाला गेलेला मदतप्राप्त मजूर उतरल्यावर आपला मालक निवडू शकत होता. मॉरिशसचा हिंदुस्थानी मजूर कराराने बांधलेला होता. एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८३४ ते १९२० च्या दरम्यान साडेचार लाखांवर माणसं तिथे गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात.

नेमणुकांच्या दृष्टीने बघा. कागदावर इथले नियम बाउंटीपेक्षा शहाणे होते. १८८३ च्या हिंदुस्थानी कायद्यात स्पष्ट लिहिलंय की एमिग्रेशन एजंटाचा, म्हणजे वसाहतीसाठी इथून मजूर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचा, मोबदला पाठवलेल्या माणसांच्या संख्येवर ठरवायचा नाही, वार्षिक पगार द्यायचा. पण त्याच्या हाताखाली गावोगाव फिरणाऱ्या भरतीवाल्याला माणशी पैसे मिळतच होते. तिकडे पोर्ट लुईसमध्ये मजुरांचा ‘प्रोटेक्टर’ हा वसाहत सरकारचाच नोकर, आणि त्या सरकारवर मळेवाल्यांचं वजन. संरक्षक असूनही हाल संपले नाहीत. १८७१ मध्ये मळ्याचे व्यवस्थापक आडोल्फ द प्लेवित्झ यांनी मजुरांचा अर्ज पुढे नेला आणि १८७२ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे ब्रिटनहून नेमलेली चौकशी समिती, आलं. त्यातले एक सदस्य विल्यम फ्रेअर हे मुंबई इलाख्यातल्या नोकरीचा अनुभव असलेले होते.

मग निवड कशी करायची? वर्षच हातात असेल, प्रवासाला पैसे नसतील, घरबसल्या काम करायचं असेल, तर न्यू साउथ वेल्स घ्या आणि १८३५ ते १८४१ एवढाच काळ धरा. पण दोन वर्षं काढता येणार असतील आणि मराठी ही तुमची घरची भाषा असेल, तर मी मॉरिशसच घ्यायला सांगेन. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची रजिस्टरं आहेत. त्यांत नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज, आणि पुढच्या काळातल्या मजुरांचे फोटोसुद्धा. इकडची बाजू मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात शोधता येते. त्या रजिस्टरांत गावांची नावं कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी उतरवलेली आहेत. इंग्रजी अक्षरांतलं एखादं वेडंवाकडं नाव मोठ्याने वाचून बघा. कोकणातल्या माणसाला ते वाडीसकट ओळखता येईल.