बाळ यायच्या आधी सेकंडहँड गाडी: वॅगन-आर, टियागो की अमेझ?

भाचीला सातवा लागलाय, ती दोघं धायरीला राहतात, दारात एक अ‍ॅक्टिव्हा आणि एक बुलेट, आणि आता दोघांच्याही लक्षात आलंय की तान्ह्या बाळाला घेऊन सिंहगड रोडवरून टू व्हीलरवर जाणं काही शक्य नाही. बजेट ओढून ताणून साडेचार लाख. जावईबापूंनी तीन गाड्या काढल्यात, 2019 नंतरची वॅगन-आर, टियागो आणि 2018 ला आलेलं अमेझचं दुसरं मॉडेल, तिन्ही पेट्रोल, आणि मला म्हणाले मामा तुम्ही सांगा. ओळखीत अजून दोन-तीन घरं याच अवस्थेत आहेत म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

जावयांनी मला जे फोटो पाठवले ते सगळे डॅशबोर्डचे. टचस्क्रीन किती इंची, अलॉय आहेत का, पिकअप कसा. मागच्या सीटचा एक फोटो नाही! अहो पुढची काही वर्षं या गाडीचा खरा मालक मागे बसणारे, आणि सुरुवातीला तर तोंड मागे करून.

तर आधी चाइल्ड सीटचं. तान्ह्या बाळाची सीट मागच्या सीटवर पाठमोरी लावतात, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ही पाठमोरी सीट कधीच लावायची नाही, एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यामागेच आपटते. आजी म्हणणार एवढंसं तर आहे, मी घेते मांडीवर, आमची पोरं काय अशीच वाढली. वाढली, खरंय, पण तेव्हा गाडी चाळीसच्या वर पळत नव्हती आणि बायपासही नव्हता, आज कात्रज-देहूरोड बायपासवर ट्रकच्या मागे करकचून ब्रेक लागला तर कोणाच्याही हातात बाळ राहत नाही. कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, भले अजून चौकात त्यासाठी कुणी अडवत नसेल.

ही पाठमोरी सीट लांबीला बरीच जागा खाते, त्यामुळे तिच्या पुढची सीट पुढे सरकवावी लागते, आणि तिथे जावयासारखा उंच माणूस बसणार असेल तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला. इथे वॅगन-आर सरळ जिंकते. उंच डबा आहे, दार मोठं, सीट उंचावर, आत वाकून शिरायला लागत नाही. सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे खाली बसणं-उठणं म्हणजे काय ते बायकांना विचारा, शिवाय ज्यांच्या घरी गुडघेदुखीवाली आजी येऊन राहणारे त्यांनी तर हे आधी बघावं. अमेझमध्ये पाय पसरायला जागा चांगली आहे पण सेडान असल्यामुळे बसायला खाली, बाळाला सीटमध्ये ठेवताना छताला डोकं लागणार नाही एवढं वाकावं लागतं. टियागो मागे सगळ्यात आखूड. पाठमोरी सीट, शेजारी आई, पुढे दोघं, बस, गाडी फुल. चौथा मोठा माणूस रोज असणार असेल तर टियागोचा विचार नीट करा.

डिकी. अमेझ 420 लिटर, वॅगन-आर 341, टियागो 242. आकड्यांपेक्षा एक करा, दुकानात जाऊन तुम्ही घेणार ती प्रॅम दुमडून बघा आणि टेपनी मोजा. अमेझमध्ये प्रॅम, डायपरची पिशवी, आईकडे राहायला जायची बॅग असं सगळं एकदम मावतं. वॅगन-आरमध्ये प्रॅम उभी-आडवी करून जाते. टियागोत प्रॅम गेली की बाकी सगळं मांडीवर. आणि सीएनजी वॅगन-आर घेऊ का विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाहीच आहे, ॲव्हरेज मस्त पडतं मान्य, पण डिकीत टाकी बसल्यावर प्रॅम ठेवायची कुठे, आणि तान्हं बाळ घेऊन सीएनजीच्या रांगेत कोण उभं राहणार. नवरा रोज एकटाच लांब जाणार असेल तर वेगळी गोष्ट.

आता ज्या विषयावर घरात भांडण झालं तो, स्टार. ग्लोबल एनकॅप म्हणजे गाड्या मुद्दाम आदळून पाचपैकी स्टार देणारी संस्था, तिच्या टेस्टमध्ये वॅगन-आरला 2019 मध्ये मोठ्यांसाठी दोन आणि मुलांसाठी दोन स्टार मिळाले. अमेझला 2019 मध्येच मोठ्यांसाठी चार पण मुलांसाठी फक्त एक. टियागोला जानेवारी 2020 मध्ये मोठ्यांसाठी चार, मुलांसाठी तीन. पुढे टेस्टचे नियम कडक झाले आणि 2023 मध्ये वॅगन-आर परत आदळली तेव्हा मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी शून्य आला. म्हणजे नुसता पत्र्याचा दणकटपणा बघायचा तर टियागो पुढे आहे, आणि बाळासाठी म्हणून गाडी घेताय तर हे असंच सोडून देता येणार नाही. पण एक मेख आहे, हे चार स्टार दोन एअरबॅगवाल्या गाडीचे आहेत. जानेवारी 2020 चं जे नवीन तोंडाचं मॉडेल आलं त्यात टियागोच्या सगळ्या व्हेरियंटला दोन एअरबॅग आणि एबीएस (करकचून ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, त्याआधीच्या खालच्या व्हेरियंटला एअरबॅग नसूही शकते. अमेझच्या 2018 च्या मॉडेलला दोन एअरबॅग, एबीएस आणि आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायच्या कड्या, पुढे सांगतो) खालच्या व्हेरियंटपासून. वॅगन-आरला बऱ्याच व्हेरियंटमध्ये ड्रायव्हरचीच एअरबॅग, ऑप्शनल व्हेरियंट असेल तर दोन. एजंट सगळ्यांना टॉप मॉडेल म्हणतो, तुम्ही डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलंय का ते स्वतः वाचा.

आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत लपलेल्या लोखंडी कड्या, त्यात चाइल्ड सीट खट्कन बसते. वॅगन-आर आणि टियागोत त्या वर्षांच्या गाड्यांना त्या मिळतीलच असं नाही, फटीत हात घालून चाचपडा. नसतील तर बेल्टनी बांधायची सीट घ्यायची, पण मग बेल्ट तेवढा लांब पुरतो का ते गाडी घ्यायच्या आधी बघा, सीट आधी घ्या आणि टेस्ट ड्राइव्हला सोबत घेऊन जा, एजंट हसला तर हसू दे. आणि ते सीट कव्हर! आपल्याकडे सेकंडहँड गाडीला कव्हर असतंच, त्याच्याखाली बेल्टचं बक्कल वर्षानुवर्षं दबलेलं असतं, ते बाहेर ओढून बघा, टॅक्सीत तर हे हमखास.

डिझायर का नाही असं भाऊजींनी विचारलं. चांगली गाडी आहे, 378 लिटर डिकी, वरच्या व्हेरियंटला मागे एसीची हवा येते, बाळाला उन्हाळ्यात त्याचा फार उपयोग. पण बाजारात टॅक्सीत घासलेल्या आणि नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेल्या डिझायर बऱ्याच फिरतात, आरसीवर आधीचं रजिस्ट्रेशन बघितल्याशिवाय हात लावू नका. इटिऑसचंही तेच, 595 लिटरची अवाढव्य डिकी आणि इंजिनाला मरण नाही, पण 2020 ला बंद झाली आणि बऱ्याच टॅक्सीवाल्यांकडच्या आहेत. स्विफ्टची मागची खिडकी लहान, आत अंधार, मी या कामासाठी घेणार नाही.

ऑटोमॅटिकचं विचाराल तर भाचीला हवीये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून नवऱ्याचा गुडघा जाईल म्हणते. वॅगन-आर आणि टियागोत एएमटी आहे, म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच मशीन दाबतं. चढावर थांबून निघताना ते जरा मागे घसरतं आणि गिअर बदलताना झटका देतं, झोपलेल्या बाळाला तो कळतो. अमेझचं सीव्हीटी, म्हणजे गिअरचे टप्पे नसलेलं ऑटोमॅटिक, एकदम मऊ, पण त्याचं ऑइल वेळच्यावेळी बदललंय याचा कागद नसेल तर ती गाडी सोडून द्या, गिअरबॉक्सचं काम निघालं तर बजेटच पालथं.

ही वर्षं मी उगाच धरत नाही. एबीएस एप्रिल 2019 पासून सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीचं झालं, ड्रायव्हर एअरबॅग, बेल्टचा बझर आणि रिव्हर्स सेन्सर जुलै 2019 पासून. म्हणजे 2019 च्या मागची गाडी स्वस्त मिळाली तर ती स्वस्त का मिळाली हे कळलं असेल. आणि किंमत ठरवताना अजून एक, 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, नवीनची किंमत उतरली, पण काही एजंट अजून नवीन गाडीच्या जीएसटी उतरण्याआधीच्या किमतीच्या हिशोबाने भाव सांगतात. आजची नवीन गाडीची ऑनरोड किंमत फोनवर उघडून समोर ठेवा.

पुण्यात गाडी घेताना पाण्यात बुडालेली नाही ना हे बघणं आलंच. 25 सप्टेंबर 2019 ची आंबील ओढ्याची रात्र आठवत असेल, अरण्येश्वर, सहकारनगरला गाड्या वाहत गेल्या, आणि जुलै 2024 ला सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी भरलं. त्यातल्या गाड्या धुऊन, पुसून, सुगंधी स्प्रे मारून कुठेतरी विकल्याच गेल्या असणार. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते कारण तिथपर्यंत कोणी धुवत नाही. पुढच्या सीटच्या रुळावर गंज, कार्पेटखाली ओल, स्टेपनीच्या खड्ड्यात माती. एसी सुरू करून काचा बंद करून पाच मिनिटं बसा, कुबट वास येतो की नाही बघा.

मग सकाळी गार इंजिनला जाऊन स्टार्ट करा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. बोनेटचे आणि दाराचे बोल्ट बघा, रंग उडालेला म्हणजे पाना लागलाय, गाडी ठोकून दुरुस्त केलेली असू शकते. टायरवर चार आकडी नंबर असतो, 3219 म्हणजे 2019 चा बत्तिसावा आठवडा, गाडी 2019 ची आणि रनिंग कमी सांगतात तर टायर तेच असायला हवेत. जुने निघाले तर भावातून टायरचे पैसे कमी करून घ्या. सर्व्हिस हिस्टरी कंपनीच्या वर्कशॉपमधून काढा, मीटर मागे केलं असलं तर तिथे दिसतं. जमलं तर बोपदेव घाट एसी लावून चढा, मधे अर्ध्यावर थांबून परत निघा.

कागदांत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30. चलन किती पेंडिंग आहेत ते नंबर टाकून बघा आणि विकणाऱ्याकडून भरून घ्या. जुन्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, लागलीये का तेही. दिल्लीची गाडी स्वस्त सांगतात, तिला इथला रोड टॅक्स परत भरावा लागतो आणि एनओसीच्या चकरा वेगळ्या, एमएच 12 किंवा 14 पासिंगचीच बघा.

माझं मत विचारलं तर, घरात आजी राहणार असेल आणि फिरणं शहरातच असेल तर दोन एअरबॅगची 1.2 इंजिनवाली वॅगन-आर, स्टार कमी आहेत हे माहीत असून. कोल्हापूर, नाशिक, सातारा असं हायवेनं माहेर-सासर असेल तर 2020 ची टियागो, आणि तोच भाव पडत असेल तर फर्स्ट ओनर अमेझ, डिकीसाठी. भाचीचं माहेर साताऱ्याचं, म्हणून तिला मी टियागो सांगितली, जावयांना अजून अमेझ हवीये.

पैसे दिल्यावर आरटीओचं काम एजंटवर सोडून बसू नका, इन्शुरन्स नावावर करायला ट्रान्सफरपासून 14 दिवस असतात आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, प्रीमियम त्या हिशोबाने धरा. हे सगळं नववा लागायच्या आत उरका, शेवटच्या आठवड्यात गाडी बघायला गेलात तर घाई चेहऱ्यावर दिसते आणि एजंट एक रुपया सोडत नाही.