एबीएस की पीबीटी, कीकॅप कोणते घ्यायचे?

भुसावळच्या एका भाऊचं अडलंय, नवीन कीबोर्डला एबीएस कीकॅप घ्यावेत का पीबीटी. कीकॅप म्हणजे कळांवरच्या टोप्या, आणि एबीएस, पीबीटी ही त्यांच्या प्लास्टिकची नावं. बॉक्सवर काय छापलंय ते सोडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, बोटं घामेजलेली, त्यात एबीएस लवकर गुळगुळीत होऊन चमकायला लागतं, आधी स्पेसबारवर अंगठा पडतो तिथंच. पीबीटीचा खरखरीतपणा खूप जास्त टिकतो, आवाजही जरा जाड येतो, मला तोच आवडतो. पण पीबीटी साच्यातून निघून थंड होताना जास्त आकसतं, म्हणून स्वस्त सेटचा स्पेसबार वाकडा निघू शकतो, आल्या आल्या काचेवर ठेवून बघाच. रंग एबीएसचे भारी. अक्षरं डबलशॉट असली, म्हणजे वरून छापलेली नसून दुसऱ्या प्लास्टिकची आत ओतलेली, तर दोन्हीची पुसत नाहीत. दिवसभर टायपिंग असेल तर पीबीटी, रंगांसाठी सेट बदलत राहणार असाल तर एबीएस.