व्हाउचर की सिनियर बिल्डिंग? न्यू जर्सीत दोन्ही याद्यांवर थांबल्यानंतर

२०१८ मध्ये आमच्या अपार्टमेंटचं भाडं वाढलं तेव्हा मी चौसष्ट वर्षांचा होतो, हिला बासष्ट पूर्ण झाली होती. वेअरहाऊसमधली माझी नोकरी संपत आली होती आणि दोघांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, एकत्र केली तरी निम्म्याहून जास्त रक्कम भाड्यातच जाणार हे दिसत होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, सरकारी मदतीच्या घरासाठी फॉर्म भरून ठेवा." कुठला भरायचा, हे मात्र नेमकं कुणी सांगेना. हल्ली मंडळाच्या कार्यक्रमात मला कुणी ना कुणी हेच विचारतं. कधी स्वतःसाठी, बरेचदा ग्रीनकार्डावर आलेल्या आई-वडिलांसाठी. म्हणून सविस्तर लिहितोय. सेक्शन ८ चं व्हाउचर म्हणजे खाजगी मालकाच्या घराच्या भाड्यात केंद्र सरकारची मदत; घर आपण शोधायचं. त्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा कुठे बघायची, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आम्ही दोन्हीकडे अर्ज केले होते: हाउसिंग ऑथॉरिटीच्या, म्हणजे व्हाउचर देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यादीत, आणि ज्येष्ठांसाठीच्या दोन बिल्डिंगांमध्ये. या बिल्डिंगा सेक्शन २०२ च्या. बासष्ट वर्षांपुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी १९५९ पासून चालत आलेली ही केंद्राची योजना आहे.

पैशाच्या हिशोबात दोघांत फारसं डावंउजवं नाही. वजावटी जाऊन जे उत्पन्न उरतं त्याच्या साधारण तीस टक्के तुम्ही भरायचे, बाकीचं सरकार बघतं. आमच्या वाट्याला तेव्हा महिन्याला ४३८ डॉलर येत होते, इथे आणि तिथेही. औषधपाण्याचा खर्च ज्येष्ठांना काही मर्यादेपुढे वजा करून मिळतो, त्यामुळे फार्मसीच्या पावत्या जपून ठेवा. व्हाउचरमध्ये एक मेख आहे. घराचं भाडं ऑथॉरिटीच्या ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल तर वरचा फरक तुमच्या खिशातून जातो, आणि पहिल्या लीजच्या वेळी तुमचा वाटा उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांवर जात असेल तर ते घर मंजूरच होत नाही. त्यामुळे मुलीच्या गावातली बरी घरं आमच्यासाठी आधीच बाद झाली.

थांबणं दोन्हीकडे आहेच. भाड्याची केंद्रीय मदत ज्यांना मिळायला हवी अशा साधारण चार कुटुंबांपैकी एकालाच ती मिळते. निधीच तेवढा असतो. व्हाउचरची यादी कधीतरी थोडे दिवस उघडते, ऑनलाइन अर्ज घेतात आणि बरेच ठिकाणी लॉटरीने नावं यादीत येतात. बिल्डिंगची यादी त्या बिल्डिंगच्या ऑफिसात असते. आम्ही कागदी फॉर्म हाताने नेऊन दिला आणि त्याच्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला. व्हाउचरला चार वर्षं लागली, बिल्डिंगला पाच वर्षांहून थोडी जास्त. वर्षांच्या हिशोबात व्हाउचर जिंकलं असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत होतो.

पत्र आलं त्या दिवशी हिने देवापुढे साखर ठेवली. ब्रीफिंगला, म्हणजे ऑथॉरिटीच्या माहितीच्या बैठकीला, दोन तास बसवून सगळं नीट समजावलं, हातात व्हाउचर दिलं, आणि त्यावर खाली एक तारीख होती, साठ दिवसांनंतरची. तेवढ्या दिवसांत घर शोधायचं, मालकाला तयार करायचं आणि त्याच्या सहीचे कागद जमा करायचे. चार वर्षं थांबून हाती आली ती घर शोधायची परवानगी.

हिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती तारीख लाल पेनाने गोल केली. मी त्याच पानांच्या कडेला रोजचे फोन लिहायला लागलो. एकूण एकतीस फोन झाले. व्हाउचरचं नाव निघालं की समोरचा आवाज बदलायचा. न्यू जर्सीत भाडेकरूकडे सेक्शन ८ आहे म्हणून त्याला नाकारणं बेकायदेशीर आहे; राज्याच्या भेदभावविरोधी कायद्यात उत्पन्नाचा स्रोत स्पष्ट धरलेला आहे. त्यामुळे तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. "कालच गेलं" असं सांगतात, आणि जाहिरात दहा दिवसांनी तशीच असते. राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे तक्रार करता येते, आणि ज्यांच्यात बळ आहे त्यांनी ती जरूर करावी. पण तक्रारीची तड लागेपर्यंत व्हाउचरची तारीख कोण थांबवून ठेवणार?

बाविसाव्या फोनला एक मालक तयार झाला. दुसरा मजला, लिफ्ट नाही. हिचे गुडघे दुखतात, तरी ही म्हणाली चढेन. कागद जमा केले. कागद ऑथॉरिटीकडे विचाराधीन असतात तेवढे दिवस व्हाउचरचं घड्याळ थांबतं, हे लक्षात ठेवा. आम्हाला ते ब्रीफिंगच्या कागदांत सापडलं. मग ऑथॉरिटीकडून घराचं इन्स्पेक्शन झालं. बेडरूमच्या खिडकीचं लॉक लागत नव्हतं आणि जिन्याला कठडा नव्हता. अर्ध्या दिवसाचं काम. मालक आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला, आणि तीन आठवड्यांनी त्याने घर दुसऱ्याला दिलं. आमचं घड्याळ पुन्हा सुरू झालं तेव्हा अकरा दिवस उरले होते. मुदतवाढ मागितली, तीस दिवस मिळाले. त्यात मी रात्री दोन-दोन वाजता उठून नवीन जाहिराती बघायचो. घर काही मिळालं नाही. व्हाउचरची मुदत संपली, आणि त्याबरोबर त्या यादीतली चार वर्षंही संपली.

हा अनुभव सगळ्यांचा असाच असेल असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे, फोनवर खणखणीत इंग्रजी आहे, ओळखीचा घरमालक आहे, त्यांना व्हाउचर पंधरा दिवसांत लागू झालेलं मी पाहिलंय. पण साठी-सत्तरीतल्या जोडप्याने हा शोध करायचा म्हणजे फार दमणूक आहे. कदाचित माझ्या कष्टाचं मोल मी जरा जास्तच धरतोय, तरीही माझा कौल इथेच फिरला.

बिल्डिंगचा फोन २०२३ च्या नोव्हेंबरात आला. पाचव्या मजल्यावर एक बेडरूमचं घर रिकामं होतंय, बघायला या. मुलाखत झाली, उत्पन्नाची पडताळणी झाली, आणि डिसेंबरात किल्ली हातात आली. मालक शोधायचा नाही, कुणाला पटवायचं नाही. डिपॉझिट आमच्या वाट्याच्या एका महिन्याच्या भाड्याएवढं. व्हाउचरवर डिपॉझिट आपलं आपण उभं करावं लागतं, आणि इथे कायद्याने मालक दीड महिन्याच्या भाड्याएवढं मागू शकतो, तेही पूर्ण भाड्याच्या हिशोबाने. बाथरूममध्ये कमोडजवळ लाल दोरी आहे. ओढली की खाली कळतं. पहिल्या रात्री हिने ती दोनदा नुसती हात लावून पाहिली.

कमतरता आहेत आणि त्या लपवत नाही. बेडरूम एकच. पाहुणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे नातवाची उन्हाळ्याची सुट्टी आमच्याकडे, हे स्वप्न गेलं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मदत या घराला बांधलेली आहे. उद्या मुलगी टेक्सासला गेली आणि आम्हीही तिच्यामागे निघालो तर हे ४३८ डॉलरचं गणित इथेच राहील. व्हाउचर मात्र दुसऱ्या राज्यातही नेता येतं. म्हणून घरात शाळेत जाणारी मुलं असतील, किंवा नोकरीमुळे हलावं लागत असेल, तर व्हाउचरच बघा. तिथे मी बिल्डिंगचा आग्रह धरणार नाही. एक अट तेवढी ध्यानात ठेवा: अर्ज करताना तुम्ही त्या ऑथॉरिटीच्या हद्दीत राहत नसाल तर पहिले बारा महिने तिच्याच हद्दीत राहायला लावू शकतात.

"सिनियर अपार्टमेंट्स" अशी पाटी दिसली म्हणून सगळ्या बिल्डिंगा सारख्या समजू नका. बऱ्याच बिल्डिंगा १९८६ च्या टॅक्स क्रेडिट योजनेतल्या, म्हणजे बांधणाऱ्याला करसवलत देणाऱ्या योजनेतल्या, आहेत. तिथलं भाडं त्या भागाच्या मीडियन (मध्यक) उत्पन्नावरून ठरतं. तुमचं उत्पन्न घटलं म्हणून ते घटत नाही. न्यू जर्सीतल्या टाउनशिपची अफोर्डेबल घरंही, जी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांमुळे गावांना बांधावी लागतात, साधारण याच वळणाची. दोघं कमावते असाल तर ती उत्तम. आमच्यासारख्या नुसत्या सोशल सिक्युरिटीवाल्यांना तिथलं भाडंही जड जातं. म्हणून फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: भाडं माझ्या उत्पन्नावर ठरतं का? उत्तर गुळमुळीत आलं तर लेखी मागा.

भारतातला फ्लॅट किंवा फिक्स्ड डिपॉझिट असेल तर दोन्हीकडे सांगावंच लागतं. तिथलं इथे कुणाला कळतंय, असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. दरवर्षी कागद पुन्हा तपासले जातात आणि खोटं सही करून दिलेलं असतं. एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना व्हाउचर मिळत नाही, ग्रीनकार्डवाल्यांना मिळू शकतं. अर्जाला पैसे लागत नाहीत, त्यामुळे नंबर वर आणून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून निघा.

आता पहिल्यापासून करायचं असतं तर बासष्टावा वाढदिवस झाला त्याच आठवड्यात मी पाच-सहा बिल्डिंगांचे फॉर्म हाताने देऊन आलो असतो, आणि व्हाउचरची यादी उघडली की तिथेही नाव टाकलं असतं. एका यादीत असल्याने दुसरीतून नाव जात नाही. पत्ता किंवा फोन बदलला की प्रत्येक यादीला वेगळं कळवायचं. आमच्या ओळखीच्या एका काकूंचं नाव सहा वर्षांनंतर निघालं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, परत आलं, आणि नाव कटलं. त्या मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेल्या होत्या, एवढंच झालं होतं.