प्रिन्सेस स्ट्रीटचा सुटा माल: घरी क्रीम करणाऱ्यांनी काय घ्यावं, काय टाळावं

मरीन लाइन्सला पूर्वेकडे उतरलं की जवळच प्रिन्सेस स्ट्रीट, पाटीवरचं नाव शामलदास गांधी मार्ग. ग्लिसरीन, सेटिल अल्कोहोल (क्रीम दाट करणारं), इमल्सिफाइंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण), काचेचे बीकर, पंपाच्या बाटल्या, सगळं एका फेरीत मिळतं. घरी क्रीम-कंडिशनर करणाऱ्यांसाठी मुंबईत यापेक्षा सोयीचा बाजार नाही. मात्र डोळे झाकून खरेदी करण्याचा हा बाजार नव्हे.

अडचण सुट्या पुड्यांची. इमल्सिफाइंग वॅक्स, सेटिल अल्कोहोल आणि स्टिअरिक ॲसिड तिन्ही पांढरे, मेणचट दाणे. पुडीवर नाव पेनाने लिहिलेलं. अदलाबदल झाली तर क्रीम फुटणारच. म्हणून घरी आल्यावर आधी चाचणी करा: 2 ग्रॅम दाणे 40 मिली पाण्यात 75 अंशांपर्यंत तापवून वितळू द्या आणि जोरात घुसळा. वॅक्स असेल तर दुधासारखं पांढरं पाणी होतं आणि थंड झाल्यावरही तसंच राहतं. बाकीचे दोन वर तरंगून त्यांची साय धरते.

वॅक्स खरं निघालं की 100 ग्रॅम लोशनचं हे माप चालतं: डिस्टिल्ड पाणी 70, ग्लिसरीन 4, तीळ किंवा बदाम तेल 18, वॅक्स 6, सेटिल अल्कोहोल 1, प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू-बुरशी वाढू न देणारं) 1. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, तेल-वॅक्स-सेटिल दुसऱ्यात, दोन्ही 70 ते 75 अंशांवर आणा. एक गरम आणि दुसरं कोमट असेल तर वॅक्स मधेच गोठतं आणि दाणेदार क्रीम होतं. मग दोन्ही एकत्र ओतून हँड ब्लेंडर दोन मिनिटं, थोड्या थोड्या वेळाने थांबवत. सलग फिरवला तर हवा भरते. प्रिझर्व्हेटिव्ह 40 अंशांखाली आल्यावरच.

हे प्रिझर्व्हेटिव्ह सुटं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. फिनॉक्सिइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं मिश्रण सीलबंद बाटलीत, उत्पादनाची तारीख पाहून घ्या. फिनॉक्सिइथेनॉलची मर्यादा 1 टक्का आहे आणि स्वयंपाकघरातला काटा 1 ग्रॅम नीट दाखवत नाही, 0.01 ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा हवाच. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, पाण्यातले जंतू मारत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात प्रिझर्व्हेटिव्हशिवायच्या पाणीदार क्रीमला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. दिसायच्या आधीही ती आत असू शकते. बाळाच्या अंगाला लावायचं क्रीम असेल तर इथे तडजोड नकोच.

ग्लिसरीन मागताना ‘आय.पी. ग्रेड’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाचं) असं स्पष्ट म्हणा आणि बॅचचं तपासणी प्रमाणपत्र मागा. टेक्निकल ग्रेड कारखान्यासाठी असतो. प्रमाणपत्र दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानात जावं. इथे दुकानांची कमी नाही.

‘गुलाब तेल’ म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुधा सुगंधी मिश्रण असतं, साबणाला ठीक, चेहऱ्याला नको.

बाटल्यांसाठी मात्र पूर्ण गुण. बरणीपेक्षा पंप घ्या, बोटं आत जात नाहीत. प्लास्टिकची बाटली उकळू नका, आकार जातो. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने आतून खळबळून उलटी वाळवा. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो, फेरी आठवड्यातल्या दिवशीच करा आणि पुडीवर बॅच नंबर दुकानातच लिहून घ्या.