साखर वाळूसारखी लागली आणि मी सात हजार मोजले

मी चोपडा तालुक्यातला कापूसवाला शेतकरी. वय 58, नऊ वर्षांपासून शुगर. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

दिवाळीनंतर मारुतीच्या पारावर 'मोफत मधुमेह शिबिर' लागलं. पांढऱ्या कोटातला माणूस 'नॅनो' म्हणाला आणि मी तिथेच निम्मा पटलो. कारण नॅनो युरिया. गोणीऐवजी अर्ध्या लिटरची बाटली 2021 पासून बघतोय. ती कामाची की नाही यावर पारावर अजून भांडणं होतात, पण शब्द ओळखीचा झालाय. त्याने पाल्याच्या रसात पाण्यासारखं काहीतरी ओतलं, भांडं गरम पाण्यात ठेवलं. थोड्या वेळाने रस तपकिरी! "हे चांदीचे नॅनोकण. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. सरळ रक्तात शिरतात."

खरा डाव पुढेच होता. प्रत्येकाला एक पान चघळायला दिलं, वर चमचाभर साखर. तोंडात निव्वळ वाळू! शेजारचे नाना ओरडलेच, "गोड लागतच नई रे भो!" तो हसला. "जिभेवरची मेली, तशीच रक्तातली मरेल."

तीन बाटल्या, 7,200 रुपये. त्या दिवशी भरीत-पुरी आणि शिरा खाऊ घालून तासाभरात बोट टोचलं : 268. पंधरा दिवसांनी "सकाळी उपाशी या" म्हणून बोलावलं : 131. मी गावभर आकडा सांगत फिरलो. जेवल्यानंतरची आणि उपाशीपोटीची शुगर एकमेकींना लावून बघायची नसते, हे नऊ वर्षांच्या पेशंटला कळू नये? इंग्रजी गोळ्या किडनी खातात म्हणाला, त्याही सोडल्या.

माघात पऱ्हाटी उपटताना खुंट अंगठ्यात घुसला. जखम महिना झाला तरी ओलीच. रात्री पाच-सहा वेळा उठायचो, घशाला कोरड, धोतर ढिलं. घरची म्हणाली, "पैसे गेले ते गेले, आता पाय घालवता का?" चोपड्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. आधी 7.4 होती, आता 11.2. त्यांनी रागावून घेतलं नाही, त्याचंच जास्त लागलं. महिनाभर इन्सुलिन, रोज ड्रेसिंग. अंगठा वाचला.

शिरपूरला बी. फार्म. करणाऱ्या पुतण्याने बाकीचं उलगडलं. ते पान गुडमारचं. त्यातले घटक जिभेवरचे गोड ओळखणारे बिंदू थोडा वेळ अडवतात. रक्तातली साखर त्यामुळे उतरल्याचा तो पुरावा नव्हे. रंग बदलला तो सिल्व्हर नायट्रेटचा. पाल्याच्या रसाने चांदीचे कण सुटतात, रस तपकिरी होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरं हे करतात, औषध म्हणून कोणी पीत नाही. बाटलीबरोबरचा इंग्रजी कागद त्याने वाचला. संशोधन खोटं नव्हतं, पण ते उंदरांवरचं : स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून त्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारायच्या, मग अर्क पाजून बघायचं. माझ्या बाटलीचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

बाटलीवर परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही. आयुर्वेदिक औषधालाही ते लागतातच. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे, म्हणजे तो पारावरचा बॅनरच गुन्हा होता. सरपंचासकट आम्ही सगळे त्याच्याखाली फोटो काढत होतो.

त्याचा फोन आता लागत नाही. वहिनीच्या माहेरी, यावलकडे, मागच्या आठवड्यात एक गाडी आली होती म्हणे. पानं वाटत होते.